किल्ली कुणाकडे आहे?

एकवीस वर्षांच्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. किशोरवयीन वाचकांसाठी ती एक अद्भुतरम्य प्रेमकथा लिहिते आहे. नायिका सतरा वर्षांची. तिच्या शाळेच्या जुन्या इमारतीत एक बंद पडलेला जिना आहे. चढताना त्याच्या तेरा पायऱ्या भरतात, उतरताना चौदा. त्या चौदाव्या पायरीवरून ती धुक्याच्या राज्यात पोहोचते. तिथे तिला राजपुत्र भेटतो. तो दिसायला एकोणीसचा, पण खरं वय तीनशेच्या पुढे. त्याच्या अंगठीने जिना उघडतो. परक्या जगातली मुलगी राजपुत्राची सखी होईल आणि राज्यावरचं धुकं हटेल, अशी भविष्यवाणी आहे आणि ती मुलगी म्हणजे आपली नायिका. युद्ध होतं, धुकं हटतं. जिना कायमचा बंद व्हायच्या आत तिला ठरवायचं असतं, राहायचं की परतायचं. शेवटची दोन प्रकरणं इथेच अडली आहेत. मोठी बहीण म्हणते, "ती घरी आलीच पाहिजे, नाहीतर मुलींना तू पळून जायला शिकवतेयस." जिवलग मैत्रीण म्हणते, "परतच आणायची होती तर एवढं प्रेम रंगवलंस कशाला?" पत्रलेखिकेला दोघींचं पटतं. ती विचारते, "ताई, योग्य शेवट कोणता? आणि मुळात असलं लिहिणं ही पळवाट आहे का? मी काहीतरी गंभीर लिहायला हवं का?" सोबत पहिली तीन प्रकरणं आहेत. खाली सही आहे, 'पायरीवर अडकलेली'.

प्रिय लेखिके,

तुझी तिन्ही प्रकरणं वाचली आणि मग पत्र पुन्हा काढून वाचलं. शेवटाकडे वळण्याआधी तुझा शेवटचा प्रश्न घेते. 'आपण लिहितोय ते फुकट तर नाही ना' हा किडा डोक्यात वळवळत असताना कुणाच्याच हातून धड दोन पानं उतरत नाहीत.

अशा गोष्टींना पळवाट म्हणून हिणवायची रीत जुनी आहे. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे लेखक जे. आर. आर. टोल्किन यांनी १९३९ मध्ये सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर व्याख्यान दिलं, त्यात त्यांनी याच आरोपाला उत्तर दिलं होतं. तुरुंगात पडलेला माणूस बाहेर पडायचं बघत असेल, किंवा निदान भिंतींपलीकडच्या गोष्टी बोलत असेल, तर त्याला नावं का ठेवायची, असं ते विचारतात. कैद्याची सुटका आणि लढाईतून पळ काढणाऱ्या शिपायाचं पळणं, या दोन गोष्टींची लोक गल्लत करतात, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. पण एवढ्यावर बहिणीला गप्प करू नकोस. कुठे गेली, कुणाच्या भरवशावर गेली आणि तिथे पोहोचल्यावर तिच्या स्वतःच्या हातात काय उरलं, यावर ती सुटका आहे की पळणं आहे ते ठरतं. बहिणीच्या काळजीत तथ्य आहे. तिने बोट मात्र भलत्या जागी ठेवलंय. ती जागा कुठली, ते पुढे सांगते.

आता शेवट. 'योग्य शेवट कोणता' असं विचारताना तू काही गोष्टी गृहीत धरल्या आहेस. शेवट दोनच आहेत, त्यांतला एक बरोबर आहे, आणि तो शोधायचं काम शेवटच्या दोन प्रकरणांत व्हायचं आहे. यातलं मला काहीच मान्य नाही.

तू अडलीस ते तुला लिहिता येत नाही म्हणून नव्हे. तुझा कथाप्रकार दोन परंपरांच्या जोडणीतून झालाय आणि त्या दोन्हींनी वाचकाला वेगवेगळा शब्द दिलेला आहे. पहिली परंपरा मुलांच्या गोष्टींची. 'ॲलिस इन वंडरलँड'मधली ॲलिस सशाच्या बिळातून खाली गेली ती १८६५ मध्ये. 'द विझर्ड ऑफ ऑझ'मधल्या डोरोथीला वावटळीने ऑझ नावाच्या जादुई देशात नेलं ते १९०० मध्ये. 'पीटर पॅन'मधली वेंडी खिडकीतून उडाली ती आधी १९०४ च्या नाटकात आणि मग १९११ च्या पुस्तकात. तिघी घरी परततात. ॲलिसला जाग येते, डोरोथी चंदेरी बुटांच्या टाचा एकमेकींवर आपटून घरी येते, वेंडी मोठी होते आणि तिला उडता येईनासं होतं. कितीही लांब गेलीस तरी शेवटच्या पानावर तू घरी असशील, हा या गोष्टींचा शब्द. त्यांच्यात मोठं होणं म्हणजे दार बंद होणं. दुसरी परंपरा प्रेमकथेची आणि तिचा शब्द सगळ्यांना ठाऊक आहे. एवढं सोसलं ना, मग शेवटी दोघं एकत्र असतील.

तुझ्या नायिकेचं दार मोठं होण्याने मिटत नाही, मोठं होण्यानेच उघडतं. ती सतरा वर्षांची आहे, पहिल्यांदा कुणाच्या तरी प्रेमात पडते आहे, आणि तोच तिचा उंबरठा आहे. घरी आणलीस तर प्रेमकथेने दिलेला शब्द मोडतो, तिथे ठेवलीस तर मुलांच्या गोष्टीने दिलेला. तुझी बहीण तुला एका शब्दाची आठवण करून देते आहे, मैत्रीण दुसऱ्या. दोघी चांगल्या वाचक आहेत म्हणून भांडताहेत, आणि असे वाचक घरात मिळाले हे तुझं भाग्य समज.

इथे थोडं वळण घेते, कारण हे मला मनापासून सांगायचं आहे. सी. एस. लुईस यांच्या नार्निया मालिकेच्या शेवटच्या पुस्तकात, १९५६ साली, चार भावंडांतली सूझन एकटी नार्निया या जादुई जगाबाहेर राहते. कारण काय दिलंय, तर तिला आता लिपस्टिक, नायलॉनचे मोजे आणि समारंभांची आमंत्रणं यांखेरीज कशातच रस उरलेला नाही. मुलगी वयात आली आणि दार तिच्या तोंडावर लागलं. हे वाचून पुष्कळ वाचकांना लागलं होतं, मलाही लागलं. जी मुलगी नटते, प्रेमात पडते, तिलाही तलवार आणि नकाशा मिळू शकतो, असं सांगणाऱ्या आजच्या सगळ्या कथांत मला सूझनला आत घेण्याची धडपड दिसते. तुझ्याही कथेत ती आहे. 'काहीतरी गंभीर' लिहायला तुला दुसरीकडे जायची गरज नाही.

आता, एकच शेवट बरोबर असतो असं वाटत असेल तर अप्सरा उर्वशी आणि राजा पुरूरवा यांच्याकडे बघ. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या ९५ व्या सूक्तात ती त्याला सोडून गेलेली आहे. तो विनवतो आहे आणि ती सांगते की घरी परत जा, मी वाऱ्यासारखी आहे, हाती लागायची नाही. शतपथ ब्राह्मणात हीच गोष्ट अटींसकट येते. तो तिला विवस्त्र दिसता कामा नये, ही त्यातली मुख्य. गंधर्वांना ती परत हवी असते, म्हणून ते रात्री तिच्या पलंगाशी बांधलेली कोकरं पळवतात. हा तसाच उठून धावतो, वीज चमकते, अट मोडते, ती नाहीशी होते. आणि कालिदासाच्या 'विक्रमोर्वशीय' नाटकात राजाने मुलाचं तोंड पाहिलं की तिने स्वर्गात परतायचं असं ठरलेलं असतं. ती वेळ येतेही, पण नारद इंद्राचा निरोप घेऊन येतात आणि राजाच्या हयातीभर ती त्याच्याजवळ राहते.

माणसं तीच, जगंही तीच दोन. जाण्यायेण्याचे नियम बदलले, नियम चालवणारा बदलला, म्हणून शेवट बदलला. शतपथात डाव गंधर्वांचा आहे. कालिदासाकडे सुख आहे, पण ते इंद्राच्या परवानगीने. सूक्तातली उर्वशी कठोर वाटते खरी, पण ती स्वतः बोलते. मला कालिदासाचा शेवट फार गोड वाटतो, आणि तरीही तुझ्या नायिकेसाठी मी सूक्तातल्या उर्वशीचा तो सूर मागेन. राहू दे नाहीतर जाऊ दे, सांगू दे मात्र तिला स्वतःला.

यासाठी तुझ्या तिसऱ्या प्रकरणाकडे यायला हवं. राजपुत्र भिंतीला अंगठी टेकवतो, दगड ओल्या मातीसारखा मऊ पडतो, आणि ती त्याची बाही धरून पलीकडे जाते. हा प्रसंग तू सुरेख लिहिला आहेस. ती बाही तिच्या बोटांना दमट लागते, आणि घरी आल्यावरही बोटांना धुक्याचा वास येत राहतो, हे वाचताना मी थांबले. पण मी तिथे थांबले ते आणखीही एका गोष्टीसाठी. अंगठी त्याच्या बोटात आहे. तिच्याकडे काय आहे? तिला जायचं असतं तेव्हा ती जिन्यापाशी उभी राहून त्याची वाट बघते. घरी यायचं असतं तेव्हाही तो येईपर्यंत थांबते. राज्य त्याचं, भाषा त्याची, वाटा त्याच्या पायाखालच्या, तीनशे वर्षांचा अनुभवही त्याचाच, आणि वर दारही त्याच्याच हातात. ज्याच्या प्रेमात ती पडली आहे तोच तिचा पहारेकरी आहे. अशा ठिकाणी 'मी इथेच राहते' हे वाक्य तू कितीही जीव ओतून लिहिलंस तरी त्याला वजन येणार नाही. आणि 'मी परत जाते' हेही नाही, कारण तेव्हाही अंगठी तोच फिरवणार.

बहिणीला जे खुपतंय ते हे आहे, असं मला वाटतं. 'पळून जाणं' हे तिला सापडलेलं जवळचं नाव. मुलगी घराबाहेर पडली यापेक्षा, ती जिथे गेली तिथून तिला आपल्या पायांनी निघता येत नाही, याची तिला भीती वाटते आहे. तीच खरी भीती आहे, आणि ती दूर करणं तुझ्या हातात आहे.

म्हणून शेवटची दोन प्रकरणं तूर्त कपाटात ठेव आणि तिसरं पुन्हा लिही. दार उघडायचं साधन तिच्या हाती द्यायचंय एवढंच मनाशी धर. ती ते चोरू शकते. त्या राज्यातल्या एखाद्या कारागीर बाईकडून, काहीतरी मोलाचं देऊन, स्वतःसाठी अंगठी घडवून घेऊ शकते. ते करताना त्या राज्यात तिचं स्वतःचं एक माणूसही होईल. सध्या तिथली तिची सगळी ओळख राजपुत्रामार्फत आहे. किंवा तो स्वतः तिला अंगठी देऊ शकतो. दिलीच त्याने, तर तो घाबरलेला असू दे. ही गेली आणि आलीच नाही तर, हा विचार त्याच्या मनात येऊ दे आणि तरी त्याने ती द्यावी. त्याचं प्रेम दाखवायला तुला याहून चांगली जागा सापडणार नाही. मागच्या तीन पानांवर त्याने जी भाषणं केली आहेत ती मग काढून टाकता येतील.

आणि साधन दिलंस की ते वापरायला लाव. कथेच्या मध्यावर त्यांचं भांडण होऊ दे, तिला राग येऊ दे, आणि ती तडक जिना चढून घरी येऊ दे. चार दिवस घरी राहू दे. मग कुणी न बोलावता, भविष्यवाणीची आठवण न होता, ती पुन्हा त्या चौदाव्या पायरीवर पाय ठेवेल, तेव्हा वाचकाला जे कळायचं ते कळेल. त्या जागी नाहीच ठेवला पाय, तर तुझी कादंबरी तुला काहीतरी सांगते आहे. ते ऐक.

भविष्यवाणीबद्दल थोडक्यात. जोडी आधीच लिहून ठेवलेली असेल तर प्रेमात पडायला जागाच उरत नाही, ते नुसतं एखादं पद भरल्यासारखं होतं. ती काढायला जिवावर येत असेल तर एक करून बघ. भविष्यवाणीतली मुलगी ही नव्हेच, दुसरीच कुणीतरी होती, असं दोघांना कळल्याचा प्रसंग लिही. त्यानंतर ते एकमेकांशी काय बोलतात ते बघ. काही बोलण्यासारखं उरलं, तर प्रेम आहे.

वयाबद्दलही सरळ सांगते. 'दिसायला एकोणीसचा' ही या प्रकारात रूढ झालेली युक्ती आहे आणि मला ती पटत नाही. तीनशे वर्षं जगलेल्या माणसाने काय काय पाहिलेलं असेल, किती जणांना मूठमाती दिली असेल! त्याच्यासमोर सतरा वर्षांची मुलगी बरोबरीची कशी ठरेल? आणि तुझ्या वाचक त्याहूनही लहान असणार आहेत. मी तुझ्या जागी असते तर त्याला खरोखरचा अठरा वर्षांचा केला असता. प्राचीनपण हवंच असेल तर ते धुक्याला दे, राज्याला दे, त्या जिन्याला दे. त्याला स्वतःला काही गोष्टी पहिल्यांदाच कळत असू देत. दोघं एकाच वेळी गोंधळलेली असतील तर प्रेमकथा जास्त रंगते, हे तुझ्या मैत्रिणीलाही पटेल.

आता घर. पत्रात धुक्याच्या राज्याचं वर्णन करताना तुझी लेखणी थांबत नाही. घराबद्दल एकच ओळ आहे, 'साधं घर, आई-बाबा कामात असतात'. प्रकरणांतही तेच. घर इतकं रिकामं असेल तर तिथे परत जाणं ही शिक्षा होते आणि तिकडे राहायला काहीच मोजावं लागत नाही. मग तुझी नायिका काय निवडते याला अर्थ उरत नाही, कारण पारड्याच्या एका बाजूला तू काही ठेवलेलंच नाहीस.

खरं तर ठेवलं होतंस. पहिल्या प्रकरणात तिचा धाकटा भाऊ आहे. शाळा सुटल्यावर दोघं त्या जिन्यावरून उतरतात, तो मोठ्याने पायऱ्या मोजतो आणि चौदा म्हणतो. ती हसते, तेराच आहेत म्हणते. तो हट्टाने पुन्हा वर जातो, पुन्हा मोजत उतरतो, पुन्हा चौदा. ती त्याला ओढत घेऊन जाते. तुझ्या तिन्ही प्रकरणांतली सर्वांत जिवंत दोन पानं हीच आहेत. आणि दुसऱ्या प्रकरणापासून हा मुलगा कुठेच नाही! सगळ्यांच्या आधी खरं मोजलं ते त्याने. त्याचं पुढे काय झालं? बहीण रात्री अंथरुणात नसते हे त्याच्याशिवाय कुणाच्या लक्षात येणार? तो आईला सांगतो की गप्प राहतो? एकटा त्या जिन्याशी जातो का? कृपा करून त्याला आजारी पाडू नकोस. भाऊ तापाने फणफणला म्हणून ती परत आली, हा दोर फार स्वस्त आहे. त्याला त्याचं स्वतःचं काहीतरी दे, त्याला हवं असलेलं, तिच्याशी संबंध नसलेलं. मग तो तिला आपोआप ओढेल.

घराचा विचार करताना वेळेचा नियमही ठरवून टाक. तुझ्या कथेत तो अजून कुठेच नाही. भागवतात राजा ककुद्मी मुलगी रेवतीला घेऊन, तिच्यासाठी वर विचारायला, ब्रह्मलोकी जातो. तिथे गाणं चाललेलं असतं म्हणून क्षणभर थांबतो. ब्रह्मदेव हसून सांगतात की तू मनात धरलेले सगळे केव्हाच गेले, खाली २७ चतुर्युगं लोटली आहेत. नार्नियात याच्या उलट आहे. तिथे राज्य करून मोठं झालं तरी इकडे घटकाही सरलेली नसते. पहिल्या नियमात घर हरवतं. दुसऱ्यात घर जागेवर असतं, पण तिकडे जगलेलं आयुष्य कुणाला सांगायची सोय नसते. दोन्ही दुःखं मोठी आहेत आणि पूर्ण वेगळी आहेत. तुझ्या नायिकेला कुठलं पेलायला लावायचं, हे ठरवलंस की शेवटचा अर्धा प्रश्न सुटेल.

आणि जिना कायमचा बंद का होतो? तुझ्या पत्रात त्याला कारण नाही. शेवट धारदार व्हावा म्हणून तो बंद होतो, असं मला वाटलं, आणि वाचकालाही तसंच वाटेल. फिलिप पुलमन यांच्या 'हिज डार्क मटेरिअल्स' या त्रयीचं उदाहरण देते. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा, शेवट फुटणार आहे. २००० साली आलेल्या तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटी एकमेकांच्या प्रेमात पडलेल्या, दोन वेगळ्या जगांतल्या लायरा आणि विल यांना आपापल्या जगात परत जावं लागतं. परक्या जगात माणूस फार काळ धडधाकट राहत नाही, हा नियम. पण हा नियम आपल्याला कळायच्या आधीच विलचे वडील भेटलेले असतात. वर्षानुवर्षं परक्या जगात काढलेले, १९९७ च्या दुसऱ्या पुस्तकात खंगलेले. नियम आधी एका माणसाच्या शरीरावर दिसला, म्हणून शेवट रडवतो पण फसवल्यासारखं वाटत नाही. आणखी एक. जगांमधली फक्त एक खिडकी उघडी ठेवता येणार असते. ते दोघं ती स्वतःसाठी न ठेवता मेलेल्यांच्या सुटकेसाठी ठेवतात. कुठला इंद्र ते ठरवत नाही. म्हणूनच ती ताटातूट असूनही प्रेमकथा राहते.

शेवट दोनच नाहीत, असं मी वर म्हटलं. डोरोथीचंच बघ. ऑझ मालिकेच्या १९१० च्या सहाव्या पुस्तकात तिच्या काका-काकूंचं शेत कर्जापायी जायची वेळ येते, तेव्हा ती दोघांनाही ऑझला घेऊन येते आणि सगळी तिथेच राहतात. घरच उचलून तिकडे नेलं. आणि एक वाट तर तू विचारातही घेतलेली दिसत नाही, ती म्हणजे त्याने इकडे येणं. कादंबरीत ठेवणार नसलीस तरी हा प्रसंग एकदा लिहून बघच. राजपुत्र जिना चढून शाळेच्या व्हरांड्यात उभा आहे. कुणी वाकून नमस्कार करत नाही. अंगठीने इथे काहीच होत नाही. फळ्यावरचं अक्षर त्याला वाचता येत नाही आणि तिचा धाकटा भाऊ त्याची उलटतपासणी घेतो आहे. तिथेही तो तिला आवडला, आणि तो तिथेही तिच्याशी नीट वागला, तर त्याच्यासाठी राहायचं की नाही हा प्रश्न विचारण्याच्या लायकीचा आहे. व्हरांड्यात तो नुसता चिडचिडा, मानपान शोधणारा मुलगा निघाला, तर तिचं प्रेम मुकुटावर होतं.

तू माझं मत विचारलंस म्हणून सांगते. मला ती घरी परतलेली आवडेल, आणि जिना उघडा राहिलेला आवडेल. सतरा वर्षांच्या मुलीला कशाचाही निर्णय 'कायमचा' घ्यायला का लावायचा? आयुष्यभराची एकच निवड, तीही युद्ध संपल्या संपल्या, जिना मिटायच्या आत! हा दबाव तू तिच्यावर आणला आहेस, त्या राज्याने नव्हे. येणंजाणं फुकट मात्र नको. प्रत्येक खेपेला काहीतरी द्यावं लागू दे, काय ते तू ठरव, पण ते असं असू दे की ती उगाच जाणार नाही आणि कारण असेल तेव्हा थांबणारही नाही. अर्थात हे माझं मत झालं. किल्ली तिच्या हातात दिल्यावर ती तिथेच राहते असं तुझ्या लक्षात आलं, तर तिला राहू दे. तेव्हा मी तिच्या बाजूने बोलेन, आणि बहिणीचाही विरोध उरणार नाही, असं मला वाटतं.

हे पत्र छापते आहे कारण अशी कथा लिहीत नसलेल्या, नुसत्या वाचणाऱ्या पुष्कळ जणींनी आणि त्यांच्या घरच्यांनीही मला याच धर्तीचं विचारलं आहे. आई-वडिलांनो, ताई-दादांनो, मुलीच्या हातातलं पुस्तक काढून घेऊ नका. ती कुठल्या दारातून गेली ते विचारा. गोष्टीतल्या मुलीला तिथून हवं तेव्हा परत येता येतं का, ते विचारा. या एका प्रश्नावर तुमचं तिच्याशी जेवढं बोलणं होईल तेवढं दहा उपदेशांनी होणार नाही. आणि मुलींनो, पुस्तक मिटल्यावर आपलं रोजचं जगणं फिकं वाटतं, आजूबाजूचा कुणीच त्या राजपुत्रासारखा वाटत नाही, हे होतं. त्यात काही बिघडलेलं नाही, ते थोड्या दिवसांत ओसरतं. पण गोष्टीतल्या ज्या वागण्याने छाती धडधडते ते वागणं खऱ्या माणसात दिसलं, तर अंगठी कुणाच्या बोटात आहे ते आधी बघा. कुणाला भेटायचं ते तो ठरवतो, फोनचा पासवर्ड मागतो, त्याला विचारल्याशिवाय तुम्ही कुठे गेलात की अबोला धरतो, आणि हे सगळं 'माझं तुझ्यावर किती प्रेम आहे' म्हणून. हे पानावर कितीही रम्य वाटलं तरी घरात पहारा आहे. असं काही चाललं असेल तर विश्वासाच्या मोठ्या माणसाला आजच सांगा.

लेखिके, आता तुझ्या कामाचा क्रम. आधी तिसरं प्रकरण. ते करताना शेवटाचा विचार मनात आला तर वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेव आणि पुढे चल. मग मधलं भांडण आणि घरचे चार दिवस. त्यानंतर दोन्ही शेवट एकेका पानात लिही, तिसरा सुचला तर तोही, आणि प्रत्येकासाठी मागची कुठली पानं बदलावी लागतात ते बघ. ज्या शेवटासाठी मागे काहीच बदलावं लागत नाही, तो बहुतेक सवयीने आलेला असतो. बहिणीला आणि मैत्रिणीला मात्र शेवट कुठला हवा असं पुन्हा विचारू नकोस. दोघींना नवं तिसरं प्रकरण वाचायला दे आणि एवढंच विचार, 'इथे तिला घरी जावंसं वाटलं, तर ती जाऊ शकेल असं तुला वाटतं का?' दोघी हो म्हणाल्या की पुढे जा. एक जरी अडखळली तरी तिथेच थांबून दुरुस्त कर.

आणि ते प्रकरण झालं की मला पाठव. भावाचं काय केलंस ते मला वाचायचं आहे.